डी बीअर्स कंपनी नेमकी कुणाची? (बोट्सवानात नोकरीचा विचार)

बल्लारशा_पॅसेंजर

नमस्कार मंडळी. मी मायनिंग इंजिनिअर. चंद्रपूरकडच्या एका ओपनकास्ट कोळसा खाणीत शिफ्ट सांभाळतो. शॉवेल, डंपर, ब्लास्टिंग आणि पावसाळ्यात पंपांची उस्तवार, असं चाललंय.

एका कंत्राटदाराकडून बोट्सवानातल्या ज्वानेंग हिरेखाणीसाठी विचारणा झाली आहे. पगार बरा आहे. पण कंपनीची माहिती काढायला बसलो आणि डोकं गरगरलं. खाण देब्स्वानाची, देब्स्वाना निम्मी डी बीअर्सची आणि निम्मी सरकारची. डी बीअर्स अँग्लो अमेरिकन या खाणकंपनीची, पण त्यातही पुन्हा सरकारचा वाटा, आणि अँग्लो आता ती विकायला निघालेली! मग उद्या माझा मालक कोण?

बाबा म्हणतात, "हिऱ्याचा धंदा लॅबमध्ये हिरे बनवणाऱ्यांनी खाल्ला, बुडत्या बोटीत कशाला चढतोस?" आईला फक्त आफ्रिका हा शब्द नको आहे.

विकिपीडिया वाचून झालाय, त्याची लिंक देऊ नका. कुणी या धंद्यात प्रत्यक्ष असेल तर लिहा. कोळशाच्या माणसाला तिथे काय वेगळं दिसेल, तेही सांगा.

दुपारचा_चहा

डी बीअर्स म्हणजे तेच ना, ब्लड डायमंडवाले? मी असतो तर गेलो नसतो. बाकी जाणकार सांगतीलच.

चिमटा

दुपारचा_चहा, शंका रास्त, पण पत्ता चुकला. ब्लड डायमंडचं, म्हणजे हिरे विकून युद्धाला पैसा उभा करण्याचं, प्रकरण अंगोला, सिएरा लिओन इथल्या यादवीतलं. त्यावरूनच २००३ पासून किंबर्ली प्रोसेसचं सर्टिफिकेट आलं, त्याशिवाय रफ, म्हणजे कच्चा, माल कस्टममधून सुटत नाही. बोट्सवानात यादवी झालेलीच नाही. डी बीअर्सच्या खात्यावरचं पाप वेगळं आणि जुनं आहे, त्यावर येतोच.

बल्लारशा, मी गिरगावातला. बारावीनंतर ऑपेरा हाऊसला एका शेठकडे रफ असॉर्टिंगला लागलो, नव्वदच्या आगेमागे. २०१० ला बाजार बीकेसीला भारत डायमंड बोर्समध्ये गेला, आम्हीही गेलो. खाण मी कधी पाहिलेली नाही. मी पाहिलाय तो बॉक्स. आणि माझं मत विचाराल तर ही कंपनी समजून घ्यायला खाणीपेक्षा बॉक्स जास्त उपयोगी.

आमचे शेठ साइटहोल्डर होते. वर्षातून दहा वेळा लंडनला 'साइट' लागायची, १७ चार्टरहाउस स्ट्रीटच्या इमारतीत. जगभरातून निवडलेल्या मोजक्या व्यापाऱ्यांनाच आमंत्रण. आपल्याला काय हवं ते आधी ब्रोकरमार्फत कळवायचं आणि तिथे गेल्यावर कंपनी जे देईल ते बघायचं. बॉक्समध्ये प्रतवारी केलेल्या पुड्या आणि वर एकच आकडा. घासाघीस नाही. १०.८ कॅरेटच्या वरच्या मोठ्या नगांवर काय ती बोलणी व्हायची. बाकी बॉक्स सगळा घ्या, नाहीतर सगळा ठेवा. आणि ठेवलात तर पुढच्या वेळी आमंत्रण येईल का, ही धाकधूक. शेठ मालाला शिव्या घालायचे, पण परत केलेला बॉक्स मला आठवत नाही. बाजारात तेजी असली की बॉक्स न उघडताच प्रीमियमवर दुसऱ्याला विकला जायचा, मुंबईतही आणि अँटवर्पलाही.

उघडला तर मग आमचं काम. उत्तरेकडच्या खिडकीशी टेबल, त्यावर पांढरा कागद, चिमटा, दहापट दाखवणारी लूप. आधी चाळण्या मारून साइज वेगळे करायचे. मग एकेक नग: अखंड अष्टफलकी (आठ पृष्ठांचा) स्फटिक एका बाजूला, तुटका क्लीव्हेज दुसऱ्या बाजूला. तिकोनी चपटा मॅकल वेगळा, त्याच्या कडेला शिवणीसारखी रेघ असते आणि ती रेघ कारीगराला रडवते. कच्चा हिरा मुळीच चमकत नाही. दुधी, खरबरीत कातडीचा असतो, रस्त्यावर पडला तर तुम्ही पायाने उडवाल. सवय झाली की माल कुठला तेही कळतं. रशियन माल धारदार कडांचा, ऑस्ट्रेलियाचा चॉकलेटी. नामिबियाच्या समुद्रातला गोलसर आणि स्वच्छ, कारण नदीने आणि लाटांनी आपटून आपटून भेगा असलेले नग वाटेतच फोडून टाकलेले असतात.

आता ही दादागिरी आली कुठून ते बघा. दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडले १८६७ च्या सुमारास. दोन डी बीअर भावांचं फोरउइटझिख्ट नावाचं शेत होतं. त्यात हिरे निघाल्यावर गर्दीला कंटाळून त्यांनी ते १८७१ मध्ये ६,३०० पौंडांना विकून टाकलं. त्या शेतावर, आजच्या किंबर्ली शहरात, दोन मोठ्या खाणी झाल्या, कंपनीला नाव त्यांचं मिळालं, पैसा मात्र एवढाच.

तिथे जमीन ३१ फूट बाय ३१ फुटांच्या तुकड्यांत वाटलेली. प्रत्येक जण आपापल्या चौकोनात खोल जातोय, शेजारचा मागे राहिला की त्याची भिंत याच्या अंगावर. मधले रस्ते ढासळले, खाली पाणी भरलं. वरची पिवळी माती संपून निळा कठीण किंबरलाइट (हिरे ज्यात असतात तो खडक) लागला, तो फोडायला भांडवल हवं. आणि हजारो लोक एकाच वेळी विकायला बसल्यावर भाव काय राहणार? हे दुखणं सेसिल ऱ्होड्सने ओळखलं. तरुणपणी तो तिथे पंपाने पाणी उपसून देण्याची कंत्राटं घ्यायचा. (पंपवाला मालक झाला, बल्लारशा, लक्षात ठेवा!) एकेक तुकडा विकत घेत, रॉथ्सचाइल्ड बँकेचा पैसा लावून त्याने मार्च १८८८ मध्ये डी बीअर्स कन्सॉलिडेटेड उभी केली. बार्नी बार्नाटो हा प्रतिस्पर्धी उरला होता, त्यालाही आत घेतलं. त्याची किंबर्ली सेंट्रल कंपनी ताब्यात घेण्यासाठी १८८९ मध्ये फाडलेला चेक ५३,३८,६५० पौंडांचा होता.

पाप म्हणालो ते इथलं. चोरी रोखायची म्हणून १८८५ नंतर काळ्या कामगारांना कंपाउंडात कोंडायला सुरुवात झाली. कराराचे महिने संपेपर्यंत बाहेर पाऊल नाही, वरून जाळी, आणि सोडण्याआधी काही दिवस वेगळं ठेवून जुलाब देऊन तपासणी. दक्षिण आफ्रिकेत खाणकामगारांना कुटुंबापासून तोडून ठेवायची जी पद्धत पुढे रूढ झाली, तिचा नमुना किंबर्लीचाच. कंपनीची गोष्ट सांगताना लोक ऱ्होड्सच्या हुशारीवर तासभर बोलतात आणि हे दोन ओळींत उरकतात. मला ते पटत नाही. किंबर्लीचा तो 'बिग होल' १९१४ ला बंद झाला तोवर सव्वादोन कोटी टन माती माणसांनी कुदळ-फावड्याने काढली होती. त्यातून हिरे मिळाले २,७२० किलो.

ऱ्होड्सनंतर अर्न्स्ट ओपनहायमर. याने १९१७ मध्ये अँग्लो अमेरिकन काढली, जर्मनांच्या हातून गेलेली नामिबियाची किनारपट्टी हिरेखाणींसकट मिळवली आणि त्या जोरावर १९२९ मध्ये डी बीअर्सचा अध्यक्ष होऊन बसला. लगेच मंदी आली. त्याने काय केलं? खाणी बंद ठेवल्या, माल तिजोरीत टाकला आणि दुसऱ्यांचा मालही विकत घेतला. जगातला रफ एकाच खिडकीतून विकायचा, हा नियम. साठच्या दशकापर्यंत सोव्हिएत रशियाचा मालसुद्धा गुपचूप याच खिडकीतून जाऊ लागला, दोघांचं राजकारण एकमेकांच्या विरुद्ध असून. तंगी दाखवायची तेवढीच, जेवढी बाजाराला झेपेल. १९४७ मधली 'अ डायमंड इज फॉरएव्हर' ही जाहिरातही त्याच हिशोबातली. बायकांनी अंगठ्या मोडायला काढल्या तर तोच माल नव्या मालाच्या आडवा येईल ना! आपल्याकडे अडीनडीला सोनं मोडतात. हिरा मोडायला न्या, सराफ तोंड वाकडं करतो.

ही खिडकी फुटली माझ्या डोळ्यांदेखत. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियाची आर्गाइल खाण कराराबाहेर पडली आणि स्वतःचा माल स्वतः विकू लागली. तो बारीक तपकिरी माल, युरोपात कुणी हात लावत नसे. सुरतेच्या घंट्यांवर (पैलू पाडायच्या चाकांवर) मात्र तो निघाला, कारण इथे मजुरी परवडत होती. आमच्या शेठना पहिल्यांदा दुसरा दरवाजा दिसला. पाठोपाठ कॅनडाच्या खाणी आल्या, रशियनांनी हात सोडवून घेतले. २००० मध्ये डी बीअर्सने स्वतःच जाहीर केलं की जगाचा साठा सांभाळणं आता बंद.

बाकी तुमच्या मालकाचं उत्तर सकाळी लिहितो, बाई जेवायला बोलावतेय.

आरमोरीचा_मास्तर

चिमटा, वाचतोय, पुढचं लवकर टाका.

अवांतर: ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत, म्हणजे १७२० च्या दशकापर्यंत, जगाला हिरे बहुतेक सगळे आपल्याकडूनच जात. गोवळकोंड्याचं नाव सगळे घेतात, आमच्या गडचिरोलीतल्या वैरागडचं कुणी घेत नाही. ऐन-ए-अकबरीत तिथल्या हिऱ्याच्या खाणीचा उल्लेख आहे. आज किल्ल्यात झुडपं आहेत.

कलाहारीतला_कोकण्या

बल्लारशा, मी ज्वानेंगला कंत्राटावर इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये होतो, आता परत रत्नागिरीला. कोळशाच्या माणसाला काय वेगळं, एवढंच लिहितो.

खड्ड्यात विशेष वेगळं नाही. शॉवेल, डंपर, बेंच, ब्लास्टिंग, सगळं ओळखीचं, फक्त आकार मोठा आणि धूळ लाल. गॅस नाही, आपोआप पेट घेणं नाही, पाऊस नावाला. ज्वानेंगचा किंबरलाइट चाळीसेक मीटर वाळूखाली दडलेला होता. तो शोधला कसा ते ऐका. त्या वाळवंटात वाळवी ओलाव्यासाठी खूप खोल जाते आणि वारूळ बांधायला खालचे कण वर आणते. डी बीअर्सच्या गॅव्हिन लॅमाँट या भूवैज्ञानिकाच्या टीमने वर्षानुवर्षं वाळूतले असले गार्नेट आणि इल्मेनाइटचे (किंबरलाइटसोबत सापडणाऱ्या खनिजांचे) दाणे टिपून नकाशे केले. १९६७ ला ओरापा सापडली, पुढे ज्वानेंग. १९८२ ला ज्वानेंग सुरू झाली. मूल्याच्या हिशोबात जगातली सगळ्यात श्रीमंत हिरेखाण म्हणतात तिला.

खरी गंमत प्लांटमध्ये. तुमच्या कोळसा धुण्याच्या वॉशरीत मॅग्नेटाइट मिसळून जड केलेलं पाणी असतं, कोळसा तरंगतो आणि दगड बुडतो. इथे उलटं. पाण्यात फेरोसिलिकॉनची पूड, दगड तरंगून बाहेर, आणि हिरा जड म्हणून तळाला. तळाचा माल एक्स-रेखालून पडतो, हिरा एक्स-रेमध्ये चमकतो, चमक दिसली की सेन्सर हवेचा झोत मारून तो दाणा बाजूच्या नळीत उडवतो. माझं काम या झोतांच्या व्हॉल्व्हशी. डोळ्याचं पातं लवायच्या आत दाणा गेलेला असतो, आपल्याला फक्त 'टप्' ऐकू येतं. जुन्या प्लांटमध्ये ग्रीस लावलेली टेबलं असत. हिऱ्याला पाणी धरत नाही, म्हणून तो ग्रीसला चिकटतो आणि बाकी खडी पाण्याबरोबर वाहून जाते. ज्वानेंगला शेवटच्या टप्प्यापर्यंत मालाला हात लागत नाही, सगळं बंद पेटीत.

आणि किती मिळतं? टनामागे कॅरेटभर, म्हणजे पाव ग्रॅमसुद्धा नाही. तरी ही खाण श्रीमंत! डी बीअर्सने २०२४ मध्ये सगळ्या देशांत मिळून २ कोटी ४७ लाख कॅरेट काढले. वजनात करा: पाच टनांच्या आत. तुमच्या शंभर टनी डंपरच्या एका कोपऱ्यात अख्ख्या कंपनीचं वर्ष मावेल.

सुरक्षेची सवय लावून घ्या. रिकव्हरीच्या भागातून बाहेर पडताना कुणाचीही तपासणी होऊ शकते, साहेब असो की झाडूवाला. परवान्याशिवाय कच्चा हिरा जवळ सापडणं हा गुन्हा आहे, त्यामुळे काही चमकलं तर वाकू नका. गाव छोटं पण नीट. राजधानी गॅबोरोनहून दोन-अडीच तासांचा सरळ रस्ता, मधे गाढवं आणि गाई सांभाळा, रात्री गाडी चालवू नका. गॅबोरोनला भारतीय किराणा मिळतो. कोकम मात्र घेऊन जा.

बल्लारशा_पॅसेंजर

कोकण्यादादा, वॉशरीचं उदाहरण एकदम डोक्यात बसलं, धन्यवाद. चिमटा काका, मालकाचं तेवढं सांगा. आणि बाबांच्या बुडत्या बोटीचं.

चिमटा

मालक. बोट्सवाना १९६६ ला स्वतंत्र झालं तेव्हा तिथे गुरं होती आणि डांबरी रस्ता शोधावा लागत होता. पुढच्याच वर्षी ओरापा. सुरुवातीला सरकारला खाणीत फक्त १५ टक्के मिळाले, पण त्यांनी चिकाटीने भांडून सत्तरच्या दशकात निम्मे केले. हे मला या सगळ्या कथेत सगळ्यात आवडतं. ऱ्होड्सच्या कंपनीला ज्या देशाने न ओरडता, न राष्ट्रीयीकरण करता निम्म्यावर आणलं तो हा. आज डी बीअर्सच्या एकूण मालातला साधारण ७० टक्के माल बोट्सवानाचा, म्हणजे गरज कुणाला कुणाची ते बघा. २०१३ मध्ये साइटसुद्धा लंडनहून उचलून गॅबोरोनला नेली. आमचे शेठ आयुष्यभर लंडनला सूट घालून गेले, त्यांचा मुलगा आता जोहान्सबर्गमार्गे वाळवंटात जातो.

वरच्या मजल्यावर: ओपनहायमर घराण्याने आपला ४० टक्के वाटा अँग्लोला ५१० कोटी डॉलरना विकला, २०११ ला ठरलं, २०१२ ला पूर्ण झालं. तेव्हापासून डी बीअर्समध्ये अँग्लो ८५, बोट्सवाना सरकार १५. मे २०२४ मध्ये अँग्लोने जाहीर केलं की हिरे आम्हाला नकोत, तांबं आणि लोखंड हवंय. राष्ट्राध्यक्ष डुमा बोको यांनी डी बीअर्सचा मोठा हिस्सा आम्हाला हवा असं उघड म्हटलंय. घेणारा कुणीही असो, ज्वानेंग उचलून नेता येत नाही. फेब्रुवारी २०२५ च्या करारात देब्स्वानाचे खाणपरवाने २०५४ पर्यंत वाढलेत, आणि मालातला सरकारी कंपनीचा वाटा ३० टक्क्यांपासून हळूहळू निम्म्यावर जाणार आहे. त्यामुळे वर पाटी बदलली तरी खड्डा चालू राहील.

चालू राहील, पण कुठल्या वेगाने, ही खरी शंका. बाबा पूर्ण चूक नाहीत. लॅबचा हिरा हा हिराच असतो, नुसत्या लूपने मीही ओळखू शकत नाही, मशीनमध्ये घालावा लागतो. डी बीअर्सने २०१८ मध्ये लाइटबॉक्स नावाने स्वतःच लॅबचे हिरे काढले, ८०० डॉलर कॅरेट, उद्देश हा की लोकांना तो माल स्वस्तातलाच वाटावा. भाव त्याच्याही खाली घसरत गेले आणि २०२५ मध्ये लाइटबॉक्स बंद करायचं जाहीर झालं. तोवर सुरतेतच सीव्हीडीचे, म्हणजे लॅबचे हिरे बनवायचे, कारखाने उभे राहिलेत. आमच्या मजल्यावर काही ऑफिसांत आता खाणीचा माल एका टेबलावर आणि लॅबचा दुसऱ्यावर, मधे काच. खाणीचा बारीक माल सगळ्यात जास्त मार खातोय, मोठे चांगले नग अजून तग धरून आहेत. डी बीअर्सच्या सगळ्या खाणींचं उत्पादन २०२३ मध्ये ३ कोटी १९ लाख कॅरेट होतं, पुढच्या वर्षीचा आकडा कोकण्याने दिलाच आहे. २०२५ मध्ये देब्स्वानाने आणखी कापलं.

फरक एवढाच की पूर्वी तिजोरीत माल दाबून बसणं कंपनीला परवडायचं, कारण बाजूला दुसरं दुकान नव्हतं. आता खाण हळू चालवणं एवढंच हातात आहे. आणि खाण हळू चालली की आधी घरी जातो तो कंत्राटी माणूस.

तेव्हा तुम्ही ऑफर लेटर पुन्हा वाचा. सही देब्स्वानाची आहे की कंत्राटदाराची? कंत्राटदाराची असेल तर काम ओव्हरबर्डनचं (वरची वाळू-दगड हटवायचं) आहे की ओअरचं (हिऱ्याच्या खडकाचं) ते विचारा. मंदीत वाळू आणि दगड काढणं आधी थांबतं. नोटीस किती महिन्यांची, परतीचं तिकीट कुणाचं, आणि मुदतीआधी करार तुटला तर काय मिळणार, हे लेखी घ्या.

बल्लारशा_पॅसेंजर

लेटर काढून बघितलं. सही कंत्राटदाराची, काम ओव्हरबर्डनचं, नोटीस एक महिना. परतीच्या तिकिटाबद्दल एक अक्षर नाही. उद्या मेल करतो त्यांना.

कलाहारीतला_कोकण्या

तीन महिने मागा, दोनवर या. आणि मेडिकल इन्शुरन्स कुटुंबासकट आहे का तेही त्याच मेलमध्ये विचारा, नंतर कुणी उत्तर देत नाही.